दर रविवारची राखण

सोमवार ते शुक्रवार माझ्या नवऱ्यासारखा सद्गुणी माणूस उभ्या रत्नागिरीत सापडायचा नाही. सकाळी उठून भाट्याच्या पुळणीवर फेऱ्या, न्याहारीला नाचणीची भाकरी, दुपारी कुळथाचं पिठलं, वर पाण्यासारखं ताक. चहात साखर नाही. शेजारणीनं लेकीच्या लग्नाचा लाडू आणून दिला तर तो हातात धरून असे बघत बसले की मला वाटलं, आता कमंडलू मागतायत की काय. शनिवारची दुपार कलली की मात्र ह्या संन्याशाला कंठ फुटायचा. मग रविवारी रात्रीपर्यंत तो काही थांबायचा नाही.

ह्यांनी वजन उतरवायचं होतं ते आरशात बरं दिसावं म्हणून नव्हे. ह्यांच्या ताईला, म्हणजे माझ्या वन्संना, ह्यांची एक किडनी द्यायची होती.

वन्सं केळशीला दिलेल्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, चार माडांवर आणि थोड्या भातावर एकट्या राहायच्या. रक्तदाबानं आतल्या आत दोन्ही किडन्या खाऊन टाकल्या तेव्हा कळलं, तेही पाय सुजून चप्पल चढेना तेव्हा. डायलिसिसचं मशीन रत्नागिरीला, म्हणून आम्ही त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. मागची खोली दिली. आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचं आणि उरलेले दिवस मशीनवर जायची वाट बघायची, असं त्यांचं जगणं झालं. त्यातून सुटायचं तर कुणीतरी किडनी द्यायला हवी, आणि रक्ताचं माणूस म्हणून उरला होता हा एक भाऊ.

मुंबईच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. वन्सं माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी मग ह्यांना उभं केलं, शर्ट वर करायला सांगितला आणि त्या पोटाकडे बघून म्हणाले, "हे घेऊन मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. साखर काठावर आहे. उद्या एक किडनी काढली आणि तुम्हालाच मधुमेह झाला, तर एका घरात दोन पेशंट. वजन उतरवा. पाच-सहा महिने देतो. दारू बंद."

"म्हणजे कधीमधी..." हे म्हणाले.

"कधीमधीसुद्धा नाही."

परत येताना चिपळूण सोडल्यावर हे म्हणाले, "डॉक्टर लोकांना असं बोलावंच लागतं. त्यांचा धंदाच तो." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण वन्सं खिडकीशी बसल्या होत्या आणि किती तरी महिन्यांनी हसत होत्या. मला तोंड उघडवेना.

हे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात सुपरवायझर. मी घरी ब्लाउज शिवते. ह्यांच्या पँटी मीच उसवते आणि मीच आवळते, त्यामुळे ह्यांच्या पोटाचं मला काही वेगळं सांगायला नको. पण ह्यांनी एक वजनकाटा आणला. पडवीत फरशी जिथं सपाट आहे तिथं तो मांडला आणि दर शुक्रवारी सकाळी त्याच्यावर चढायचं ठरवलं. शुक्रवारीच का? तर चार-पाच दिवसांची भाकरी आणि ताक पोटात असतं तेव्हा काटा सर्वांत खाली असतो. एवढी अक्कल ह्यांना बरोबर होती.

"ताई, ये, बघ," अशी हाक जायची.

वन्सं भिंतीला धरून यायच्या. हाताला मशीनच्या सुयांनी गाठ आलेली, ती पदराखाली झाकत वाकायच्या आणि काट्यावरचा आकडा वाचायच्या. "उतरलं हो, बाळा." चाळिशी उलटलेल्या, भल्या मोठ्या माणसाला त्या अजून बाळा म्हणायच्या. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे काही यायचं ते मला बघवायचं नाही. वाईट वाटायचं म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी शनिवार असायचा म्हणून.

शनिवारी ह्यांचा उपास. मारुतीचा. तोही ताईसाठीच सुरू केलेला. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते ह्यांच्याकडे बघून. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, मध्ये रताळ्याचे काप, तुपावर परतलेले. मारुतीनं एवढं खाल्लं असतं तर समुद्र ओलांडता आला नसता. आणि संध्याकाळी उपास सोडायचा तो कारखान्यातल्या एका मित्राच्या गच्चीवर, बिअरनं.

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"दारू नको म्हणाले. ही बिअर आहे. जवाचं पाणी. उलट किडनी धुऊन निघते. मुतखडासुद्धा पडतो ह्यानं, सगळे सांगतात."

"तुम्हाला मुतखडा आहे?"

"नाही. पण ताईला द्यायची वस्तू, स्वच्छ नको का?"

भाड्यानं द्यायच्या खोलीला आधी चुना मारतात ना, तसं. मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. शिकलेला माणूस, कारखान्यात पंचवीस बाया हाताखाली, कोळंबी किती थंडीत किती दिवस टिकते ते तोंडपाठ, आणि स्वतःच्या पोटातल्या किडनीविषयी ही समज. बरं, एकटे असते तर गोष्ट वेगळी. गच्चीवरचे दोघे मित्रही त्याच शाळेतले. ते ह्यांना म्हणायचे, "तू ताईसाठी एवढं करतोयस, आम्ही तुला साथ द्यायला नको?" आणि साथ म्हणून आणखी एकेक बाटली फोडायचे. बहिणीसाठी जीव टाकणाऱ्या भावाचा एवढा सत्कार मी कुठं बघितलेला नाही. दर आठवड्याला, आणि तोही झालेल्या कामासाठी नव्हे, करायच्या कामासाठी.

बिअरबरोबर नुसतं बसता येत नाही, हात मोकळे राहतात. म्हणून तळलेले बोंबील, कांदा-टोमॅटो घातलेले शेंगदाणे, मसाल्यात घोळवलेली सुरमईची तुकडी. मग घरी येऊन भात. भातावर सोलकढी, वाट्यांवर वाट्या. "कोकम चरबी कापतं," हे मलाच सांगायचे. मला. जी नारळ खवून, वाटून, पिळून त्यातलं दूध काढते तिला. अख्ख्या नारळाचं दूध पिऊन चरबी कापणारा माणूस मी जन्मात दुसरा बघितला नाही. रविवारी मग अंग जड, डोकं जड, फेऱ्या बंद, दुपारी मटण आणि झोप.

सोमवारी काटा पलंगाखाली. मी एकदा म्हटलं, आज बघा की वजन. म्हणाले, "सोमवारी काटा खरं सांगत नाही. अंगात पाणी धरलेलं असतं." काटा शुक्रवारी खरा आणि सोमवारी लबाड. शुक्रवारी मी पँटीची कंबर आवळून द्यायची आणि सोमवारी ह्यांनी बटण न लावता वरून शर्ट सोडून कामाला जायचं. पुन्हा शुक्रवारी ताईला हाक. आकडा खाली आलेला असायचा, नाही असं नाही. सोमवारपासून खाली आलेला. गेल्या शुक्रवारपासून नव्हे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, इतकंच. पण वन्संना कुठं ठाऊक? त्या आपल्या दर आठवड्याला "उतरलं हो" म्हणायच्या आणि देवापुढं साखर ठेवायच्या.

मी सांगितलं नाही त्यांना. काय सांगणार?

एका शनिवारी हे गच्चीवरून आले ते पडवीत धपकन बसले आणि पाणी मागितलं. मी कळशीच पुढं ठेवली. तांब्या न घेता ह्यांनी कळशी उचलून तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायले, छातीवर सांडत. समोर वन्सं बसल्या होत्या. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. सकाळी मी त्यांना एक लहान तांब्या भरून द्यायची, तेवढ्यात दिवस काढायचा, औषधाच्या गोळ्यांसकट. त्या दिवशी तांब्या दुपारीच संपला होता. जिभेखाली बर्फाचा खडा धरून त्या बसल्या होत्या आणि सांडणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. डोळे कळशीबरोबर खाली-वर होत होते.

माझा तोल गेला. म्हटलं, "बघा, नीट बघा. वन्संना पाण्याच्या घोटाला बंदी. रत्नागिरीत राहून आंब्याची फोड नाही, दारात माड असून शहाळं नाही. आणि तुम्ही किडनी धुताय. कुणाची धुताय? लाज कशी वाटत नाही?"

हे रडायला लागले. ढसाढसा, नाक वाहीपर्यंत, ताईच्या पायाशी बसून. प्यालेल्या पुरुषाच्या रडण्याला मी कवडीची किंमत देत नाही. ते पाणीसुद्धा बिअरचंच असतं. पण वन्संनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "जाऊ दे गो. तो लहानपणापासून असाच. चुकतो आणि रडतो."

त्यानंतर मात्र बिअर खरंच बंद झाली. मी खोटं कशाला बोलू? दोन शनिवार गेले, तिसरा गेला, हे गच्चीवर फिरकले नाहीत. संध्याकाळी उकडलेले चणे खाऊन पडवीत बसायचे, तोंड सुतकी. आणि काय आश्चर्य, काटा उतरला. पुढल्या शुक्रवारी त्याहून खाली आला. मी पँटीची कंबर आवळली ती पुन्हा उसवावी लागली नाही. एवढं साधं होतं ते. औषध नको, डॉक्टर नको, देव नको. नुसती संध्याकाळ घरी बसून काढायची.

वन्संना त्या दिवसांत पालवी फुटली. मला शिलाईत काजं-बटणं करून द्यायच्या आणि ऑपरेशननंतर काय करणार ते सांगत बसायच्या. मोठं काही नव्हतं त्यात. केळशीला जाऊन घराचं दार उघडायचं. एक हापूस, अख्खा, कोय चोखून. आणि सगळ्यांत आधी पोटभर पाणी. "उभ्यानं पिईन बघ. कळशी तोंडाला लावून. बाळ्या प्याला ना त्या दिवशी, तसं." त्यात राग नव्हता त्यांच्या. मला मात्र ते ऐकून शिलाईची ओळ सरळ घालवेना.

मग दिवाळीला आमचे चुलत दीर आले.

हे दीर गावाला असतात, आमच्या आंब्याच्या बागेकडे बघतात. बघतात म्हणजे बसून बघतात. आंबा उतरवायला गडी, फवारणीला गडी, दिरांचं काम देवाचं. बागेच्या कोपऱ्यात जुन्या किंजळाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला जांभ्याचा दगड आहे, तो आमचा राखणदार. जागा राखतो, माणसं राखतो. वर्षातून एकदा, आंब्याचा हंगाम धरायच्या आधी, त्याला राखण द्यायची: एक कोंबडा, एक नारळ, विडी आणि एक बाटली. घरातल्या जाणत्यानं गाऱ्हाणं घालायचं. हे पिढ्यान् पिढ्या चाललंय आणि मीही त्याला कधी नाही म्हटलेलं नाही. देवाची थट्टा करणारी बाई मी नव्हे. माझी थट्टा माणसांपुरतीच असते.

तर दीर आले, वन्संकडे बघून हळहळले आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुला कळत नाय काय? घरातली लेक आजारी पडली म्हणजे जागा रुसलाय. गेल्या वर्षी आपण कोपऱ्यातला फणस तोडला, त्याला विचारलं होतं? आता नुसत्या डॉक्टरानं भागायचं नाय. नवस बोल. ताई बरी होईस्तोवर दर रविवारी राखण."

दर रविवारी. राखणदारानं इतक्या वर्षांत कधी मागितलं नव्हतं एवढं. मी म्हटलं, "भावोजी, वर्षाची एकच असते ना राखण?"

"वैनी, नवसाचं वेगळं. आणि देवाच्या कामाला नाय म्हणू नये."

आता बोला. गच्चीवरच्या बिअरला मी नाही म्हणू शकत होते, राखणीला कोण म्हणणार? आणि कोणासमोर? वन्सं आतून ऐकत होत्या. त्यांनी हात जोडले. भाऊ आपल्यासाठी नवस बोलला म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. मी तोंड मिटलं. हे मात्र तीन आठवड्यांनी पहिल्यांदा नीट हसले. ते हसू बघून मला जे कळायचं ते कळलं.

एका रविवारी मीही गेले, वडे तळायला बाईमाणूस हवं म्हणून. राखणीच्या जागी बायकांनी जायचं नसतं. मी बागेच्या दगडी गडग्याआडून बघितलं. दिरांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि खर्जात सुरू केलं, "बा देवा राखणदारा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी आलेली हायत..."

"होय महाराजा," बाकीच्यांनी म्हटलं. बाकीचे म्हणजे हे, आणि कारखान्यातले ते दोघे मित्र. गच्ची बंद झाली तर त्यांनी काय घरी बसायचं? तेही देवधर्माला लागले होते.

"लेकीला दुखणं लागलाय, ते पिटाळून लाव. भाऊ तिला आपल्या अंगातला देतोय, त्याला ताकद दे."

"होय महाराजा."

मग दिरांनी बाटलीचं टोपण काढलं, त्या टोपणात दारू ओतली आणि ते टोपण दगडावर उपडं केलं. झाली राखण. देवाला टोपणभर. उरलेली बाटली तशीच भरलेली, तिला नमस्कार करून ती बाजूला ठेवली. आता तो प्रसाद. तिच्या मागून आणखी दोन निघाल्या, त्यांनाही टोपण टोपण दाखवून घेतलं. तळं राखी तो पाणी चाखी, हे ऐकलं होतं. इथं तळंच पिऊन टाकत होते. कोंबड्याच्या काळजाचा एक तुकडा दगडापुढं, बाकी कोंबडा वड्यांबरोबर ह्यांच्या पोटात. मी गडग्यावरून ह्यांना खूण केली, पुरे. हे केवढ्या साळसूदपणे म्हणाले, "प्रसाद आहे गो. प्रसाद टाकला तर नवस फळत नाही."

ये रे माझ्या मागल्या. ह्या वेळी तर शेंदूर लावून.

सोमवारी फेऱ्या, मंगळवारी भाकरी, शुक्रवारी काटा, "ताई, ये, बघ." माझ्या हातातली पँट पुन्हा उसवायला आली. मी एकदा सरळ सांगून बघितलं: "तुम्ही ज्या बहिणीसाठी नवस फेडताय तिलाच ह्या नवसानं मारताय. तुमच्या पोटात जातं ते तिच्या आयुष्यातून जातं." हे मला म्हणाले, "तुझा देवावर विश्वासच नाही." पालथ्या घड्यावर पाणी. पण घडा पालथा असता तर बरं झालं असतं. ह्यांचा उताणा होता आणि दर रविवारी काठोकाठ भरत होता.

आणि वन्सं? त्या दर रविवारी सकाळी दारात उभ्या राहायच्या आणि भावाला सांगायच्या, "राखणदाराला माझं सांग रे." हेही मान डोलवायचे. देवळातला पुजारी डोलवणार नाही इतक्या गंभीरपणे.

डॉक्टरांनी दिलेले पाच महिने भरले तेव्हा आम्ही मुंबईला गेलो. वन्संच्या अंगात बळ नव्हतं म्हणून त्या घरी, शेजारीण सोबतीला. डॉक्टरांनी वजन घेतलं. तो सोमवार होता. डॉक्टरांकडचा काटा सोमवारी लबाड नसतो. रक्त तपासलं. वजन होतं त्याच्याहून थोडं वरच, आणि काठावरची साखर आता काठ ओलांडून आत आली होती. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "आता तुमची किडनी आम्हाला घेता येणार नाही," म्हणाले. "पेशंटचं नाव प्रतीक्षा यादीत घालू. मिळेल तेव्हा मिळेल. तुम्ही आता स्वतःची औषधं सुरू करा."

"साहेब, मी सोमवार ते शुक्रवार सगळं पाळलं," हे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दुसऱ्याच्या नवऱ्याची लाज वाटत नाही, आपल्याची वाटते.

घरी आल्यावर हे सरळ न्हाणीघरात शिरले आणि पाण्याचा नळ सोडून आतच बसले. सांगायचं माझ्यावर आलं. वन्सं मागच्या पायरीवर माझ्या ब्लाउजांना हुक लावत होत्या. मी सांगितलं. सगळं सांगितलं, गच्चीपासून टोपणापर्यंत, आता झाकून कुणाचं भलं होणार होतं? त्यांनी हातातला हुक पुरा लावला, दोरा दातानं तोडला. म्हणाल्या, "शुक्रवारचाच आकडा दाखवायचा तो. मला वाटायचं, बाकीच्या दिवशी कामाची घाई असेल." मग पुढचा ब्लाउज मांडीवर घेतला. न्हाणीघरातलं पाणी वाहत होतं. शेवटी म्हणाल्या, "तो नळ बंद कर म्हणावं गो. पाणी फुकट जातं."

पुढल्या रविवारी दिरांचा फोन आला. कोंबडा धरून ठेवलाय, नवस मध्येच मोडला तर जागा आणखी रुसेल. हे माझ्याकडे बघेनात. पण शर्ट चढवायला लागले. होय, चढवायला लागले. इतकं झाल्यावरही. वन्सं बाहेर आल्या, त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. म्हणाल्या, "रिक्षा सांग, बाळा. मीपण येते."

गावाला पोचलो. किंजळाखाली सगळी तयारी मांडलेली. कारखान्यातले दोघे हात बांधून उभे. वन्सं गडग्याशी थांबल्या नाहीत, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या आत चालत गेल्या.

दीर म्हणाले, "ताई, बायकांनी राखणीला यायचं नसतं."

"माझ्या नावाची राखण, आणि मीच नको?" वन्सं म्हणाल्या. "बाटली दे इकडं."

दिरांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दगडाकडे. बाटली वन्संच्या हातात आली. टोपण त्यांनी काढून खाली टाकून दिलं. गाऱ्हाणं त्यांना येत नव्हतं, साध्याच आवाजात बोलल्या. "राखणदारा, इतके रविवार माझ्या नावानं तुला टोपणभर मिळालं. तू काही बोलला नाहीस, तुझं बरोबर. आज सगळी घे." आणि त्यांनी बाटली दगडावर उपडी केली. सुईच्या गाठीच्या त्या हातातली बाटली त्यांनी सरळ केली नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरली. मग दुसरी मागितली, मग तिसरी. तांबड्या मातीनं सगळी पिऊन टाकली. कोणी 'होय महाराजा' म्हटलं नाही.

मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "तुझा नवस फिटला. ह्याच्यापुढं पिशील तर तुझ्या नावानं पी. माझं नाव त्यात घालू नकोस."

कोंबडा दिरांनी सोडून दिला. तो गडग्यावर चढून ओरडत बसला. परत येताना रिक्षात हे आमच्या दोघींच्या मध्ये बसले होते, पोट मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शिलाई मशीनवर बसले होते. ह्यांनी पलंगाखालून वजनकाटा काढला. पडवीत मांडला. हा पहिला सोमवार. बराच वेळ त्याच्यापुढं उभे राहिले आणि मग चढले. खाली बघितलं नाही. हाक मारली, "ताई, ये, बघ."

वन्सं दारातच होत्या, भिंतीला धरून. पडवीपर्यंत येणं त्यांना जमलं असतं.

"आता तूच बघ, बाळा," म्हणाल्या, आणि माझ्याकडे आपला लहान तांब्या पुढं केला, दिवसाचं पाणी भरायला.